रेंगाळलेला प्रकाश आणि प्रचीतीचा प्रश्न

ज्ञानाचे साधनच स्वतःच्या पूर्वानुभवाने माखलेले असेल, तर त्याने दिलेले ज्ञान कितपत ग्राह्य धरावे, हा भारतीय दर्शनांतील जुना आणि कधीही पुरता न मिटलेला वाद आहे. न्याय, मीमांसा, सांख्य, योग आणि वेदान्त या सर्वांनी तो आपापल्या परीने हाताळला. पण त्यांच्यासमोर साधन म्हणून होते ते माणसाचे डोळे, कान आणि अंतःकरण, ज्यांच्या आत उतरून मोजमाप करण्याची सोय नव्हती, आणि त्यामुळे भ्रम कसा होतो याविषयीचा प्रत्येक सिद्धान्त अखेरीस तर्काच्या आधारावरच उभा राहिला. अवकाशातील दुर्बिणींसाठी गेल्या काही दशकांत जे अवरक्त संवेदक तयार झाले, म्हणजे तांबड्या रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारे अर्धवाहकाचे फलक, त्यांच्यात याच प्रश्नाचे एक असे रूप पुढे आले आहे की ज्यात साधनाचा पूर्वानुभव प्रत्यक्ष मोजता येतो, तो कोणत्या क्षणी आत शिरला आणि किती वेळाने ओसरला हे आकड्यांत मांडता येते. दर्शनांच्या अभ्यासकाने या फलकांकडे लक्ष द्यावे, याचे कारण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या वादाचा एक धागा जालना जिल्ह्यात पोहोचतो. घनसावंगी तालुक्यातील जांब, ज्याला आज जांब समर्थ म्हणतात, हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचा हा धाकटा मुलगा, पाळण्यातले नाव नारायण, शके 1530 म्हणजे 1608 च्या रामनवमीला जन्मला. (जालना हा स्वतंत्र जिल्हा मात्र 1 मे 1981 रोजी झाला, तेव्हा समर्थांना ‘जालन्याचे’ म्हणणे ही प्रशासनाची भाषा आहे, इतिहासाची नव्हे.) वीस दशक आणि दोनशे समास अशी मांडणी असलेल्या त्यांच्या दासबोधात दहाव्या दशकातील सहावा समास भ्रमाचे निरूपण करतो आणि त्याच दशकातील आठवा समास प्रचीतीचे, म्हणजे स्वतः पडताळून घेतलेल्या अनुभवाचे. भ्रम सर्वत्र पसरलेला आहे असे सांगणारा ग्रंथकार दोनच समासांनंतर पडताळणीचा आग्रह धरतो, आणि तोही व्यवहारातले दाखले देऊन. वरवर पाहता यात विसंगती दिसते, कारण सारेच भ्रमग्रस्त असेल तर पडताळणार कोण आणि कशाने? ही विसंगती खरी की केवळ भासणारी, हे ठरवण्यासाठी संवेदकाचे उदाहरण उपयोगी पडते.

प्रथम संवेदकाची रचना. हबल दुर्बिणीवर मे 2009 मध्ये बसवलेल्या तिसऱ्या वाइड फील्ड कॅमेऱ्याचा अवरक्त फलक, किंवा 25 डिसेंबर 2021 रोजी सोडलेल्या आणि पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटर अंतरावर स्थिरावलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरकॅम या कॅमेऱ्यातले दहा फलक, हे पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या मिश्र स्फटिकाचे असतात. वेबच्या एकेका फलकावर 2048 ओळी आणि तितकेच स्तंभ, म्हणजे जवळपास 42 लाख पिक्सेल आहेत. प्रत्येक पिक्सेल हा एक डायोड असतो. त्यावर आधी उलट दिशेचा विद्युतदाब दिला जातो, त्यामुळे त्याच्या मध्यभागी मुक्त विद्युतभार नसलेला एक रिकामा पट्टा तयार होतो. प्रकाशाचा कण आत आला की स्फटिकात विद्युतभाराची एक जोडी सुटते, तो भार साठत जातो, आणि जसजसा तो साठतो तसतसा दाब उतरतो व रिकामा पट्टा आक्रसतो. पट्टा आक्रसल्यावर जो भाग नव्याने भाराच्या संपर्कात येतो, त्या भागातील स्फटिकाच्या दोषांमध्ये काही भार अडकून बसतो. अभियंते या दोषांना सापळे म्हणतात. निरीक्षण संपल्यावर पिक्सेल पुन्हा मूळ दाबावर आणला जातो, साठलेला भार पुसला जातो. पण सापळ्यांत अडकलेला भार त्या पुसण्याने जात नाही, तो नंतर सावकाश सुटत राहतो आणि पुढच्या निरीक्षणात प्रकाश म्हणून मोजला जातो. मातीची घागर पालथी करून रिकामी केली तरी तिच्या भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पाझरतच राहते, तसाच हा प्रकार आहे. हबलच्या फलकात पिक्सेलची क्षमता साधारण निम्मी भरून गेली की हा परिणाम ठळक होतो. सुटण्याचा वेग आधी मोठा आणि मग मंदावत जाणारा असल्याने तेजस्वी ताऱ्याचा ठसा तासाभरानंतरही अंधूक रूपात शिल्लक राहू शकतो.

येथे लक्षात घेण्याची बाब अशी की सापळ्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन आणि नुकत्याच आलेल्या प्रकाशाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन यांत कोणताही फरक नसतो. एक कालचा आणि एक आजचा, असा शिक्का कोणावरही मारलेला नाही. पिक्सेल दोघांची बेरीज प्रामाणिकपणे सांगतो, आणि ती बेरीज खरी असते. भ्रम होतो तो ती सगळी बेरीज आजच्या आकाशाच्या खाती मांडल्यामुळे.

मीमांसक प्रभाकराचे भ्रमाविषयीचे मत नेमके हेच होते. शिंपल्यावर रुप्याचा भास होतो या दर्शनशास्त्रातील नेहमीच्या उदाहरणाची त्याची फोड अशी की तेथे एक खोटे ज्ञान निर्माण होत नाही, तर दोन खरी ज्ञाने शेजारी येतात: समोरच्या चकाकत्या वस्तूचे प्रत्यक्ष आणि पूर्वी पाहिलेल्या रुप्याची स्मृती, या दोहोंतला भेद ध्यानात न येणे एवढाच काय तो दोष. या मताला अख्यातिवाद म्हणतात. नैयायिकांनी त्यावर कठोर टीका केली, आणि ती निष्कारण नव्हती: केवळ भेद न कळल्याने माणूस रुपे उचलण्यासाठी वाकणार नाही, त्याला ‘हे रुपे आहे’ असे एक ठाम, जोडलेले ज्ञान व्हावेच लागते, असा त्यांचा मुद्दा होता, दुसरीकडे असलेले रुपे येथे भासते, म्हणून त्यांच्या मताचे नाव अन्यथाख्याती. माणसाच्या मनाच्या बाबतीत नैयायिकांचे पारडे जड वाटते. पण फलकाच्या बाबतीत प्रभाकराने बाजी मारली आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. पिक्सेलमध्ये ‘हा तारा आहे’ असे ठाम ज्ञान कोठेच नसते, असते ते फक्त प्रत्यक्षाचे आणि संस्काराचे न निवडलेले मिश्रण. निवड करण्याचे, आणि न केल्यास वाकून शिंपला उचलण्याचे काम पृथ्वीवर बसलेल्या खगोलशास्त्रज्ञाचे.

जड यंत्राची तुलना अंतःकरणाशी करणे कोणाला अवमानकारक वाटले, तर त्यांनी सांख्य आणि अद्वैत यांची भूमिका आठवावी. या दोन्ही दर्शनांत अंतःकरण हे जडच मानले आहे. ते विषयाचा आकार धारण करते, त्या आकाराला वृत्ती म्हणतात, आणि ती वृत्ती उजळवणारे चैतन्य त्याहून निराळे असते. पिक्सेलमध्ये साठलेला भार ही या अर्थाने वृत्तीचीच जवळची आप्त आहे. वेबच्या फलकांच्या कडेला चारी बाजूंनी चार-चार ओळींचे काही पिक्सेल असे ठेवलेले असतात की ज्यांच्यावर प्रकाशाचा परिणाम होत नाही, आणि ज्यांच्या नोंदींवरून मोजणाऱ्या मंडलाची स्वतःची चलबिचल वजा करता येते. त्यांना साक्षी म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. वेदान्तातला साक्षी कोणत्याही मंडलाचा भाग नसतो, हे कडेचे पिक्सेल मात्र त्याच तारांनी वाचले जातात आणि त्यांच्यासहच चळतात.

रेंगाळलेल्या ठशाचा आणखी एक पैलू आहे आणि तो कर्मसिद्धान्ताच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा असा आहे. मोठ्या दुर्बिणीवरचा वेळ अनेक संशोधकांत वाटलेला असतो. एका गटाचे निरीक्षण संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते. त्यामुळे दूरच्या अंधूक दीर्घिका शोधणाऱ्या गटाच्या वाट्याला आधीच्या गटाने पाहिलेल्या प्रखर ताऱ्याचा अवशेष येऊ शकतो. ज्याने तो तारा पाहिलाच नाही, त्याला त्याचे फळ भोगावे लागते, आणि ते का भोगावे लागत आहे हे त्याच्या स्वतःच्या नोंदींत कोठेही लिहिलेले नसते. पूर्वजन्मीचा संस्कार मानणाऱ्या परंपरेवर जो नेहमीचा आक्षेप घेतला जातो, की जे आठवत नाही त्याचा परिणाम कसा होईल, त्याचे तार्किक उत्तर येथे सहज मिळते: परिणाम होण्यासाठी आठवण असण्याची गरज नाही, वाहकाचे सातत्य पुरते. यावरून पुनर्जन्म सिद्ध होतो असे मात्र नाही. एक आक्षेप तेवढा निकामी होतो. पतंजलीच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात संस्कारांचा साक्षात्कार झाल्यास पूर्वजन्माचे ज्ञान होते असे प्रतिपादन आहे. खगोलशास्त्रज्ञ याच मार्गाने पण उलट दिशेने जातो: दुर्बिणीने आधी काय पाहिले याच्या नोंदी संग्रहात असतात, त्या काढून कोणत्या पिक्सेलवर किती भार पडला होता आणि त्यातला किती अजून सुटत असेल याचा हिशेब मांडला जातो, आणि तेवढा भाग वजा केला जातो किंवा संशयित म्हणून खूण केली जाते.

हिशेबावर सर्वस्वी विसंबता येत नाही, म्हणून दुसरी कसोटी लावली जाते. सलग दोन निरीक्षणांच्या मध्ये दुर्बीण अगदी किंचित हलवली जाते. आकाशातला तारा त्यामुळे फलकावर काही पिक्सेल सरकतो. पण मागचा ठसा जेथे होता तेथेच राहतो, कारण तो आकाशाचा नसून फलकाचा असतो. जे आकाशासोबत सरकते ते आकाशाचे, जे जागा सोडत नाही ते साधनाचे. वेदान्तात अन्वय-व्यतिरेक म्हणून जी पद्धत आहे, म्हणजे काय कशासोबत राहते आणि कशावाचून राहते हे तपासून दोन गोष्टी विलग करणे, तीच ही पद्धत. फक्त निष्कर्ष उलटा. वेदान्ती जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तिन्ही अवस्था बदलत असताना जो बदलत नाही त्याला सत्य म्हणतो. खगोलशास्त्रज्ञ प्रत्येक चित्रात जो ठिपका बदलत नाही त्याला खोटा ठरवतो. यावरून एक गोष्ट निष्पन्न होते जी कीर्तन-प्रवचनांत बहुधा सांगितली जात नाही: टिकून राहणे ही आपोआप सत्याची खूण नाही. कशाच्या तुलनेत टिकून राहिले, हे आधी ठरवावे लागते. अद्वैतातील आत्म्याचे अबाधितत्व हे साधनासह साऱ्या दृश्याच्या तुलनेत आहे, तर फलकावरच्या ठशाचे स्थैर्य हे केवळ साधनाच्या चौकटीतले; दोन्ही एका मापाने मोजली तर मनाला चिकटलेली कोणतीही हट्टी समजूत शाश्वत सत्य म्हणून खपून जाईल, आणि धर्माच्या इतिहासात ती अनेकदा खपलीही आहे.

दुसऱ्या प्रकारचा गोंधळ मात्र स्मृतीचा नसतो. अवकाशात सर्व दिशांनी अतिवेगवान प्रोटॉन आणि जड अणूंची केंद्रके येत असतात, ज्यांना वैश्विक किरण म्हणतात. त्यांतला एखादा कण फलकातून आरपार गेला की वाटेतल्या पिक्सेलमध्ये एका क्षणात हजारो इलेक्ट्रॉन मोकळे होतात. क्वचित याहून मोठी घटना घडते: मध्यभागी भाराने तुडुंब भरलेला आणि भोवती फिक्या वलयाचा गोल डाग उमटतो, जो शेकडो पिक्सेल व्यापतो. अभियंत्यांनी त्याला स्नोबॉल असे नाव दिले. असे डाग जमिनीवरच्या चाचण्यांतही दिसले होते, त्यामुळे एके काळी फलकाच्या सामग्रीतील किरणोत्सर्गी अंशावर संशय होता. अवकाशात वेबच्या फलकांवर ते पुष्कळच अधिक दिसू लागल्यावर रोख वैश्विक किरणांकडे वळला. येथे अख्यातिवाद पुरत नाही. मागचे काही उरलेले नाही, जे घडले ते आत्ताच आणि खरेच घडले. फक्त ते आरशावाटे आकाशाच्या त्या बिंदूतून आले नाही. खऱ्या वस्तूला चुकीच्या जागी आणि चुकीच्या नावाने मांडणे, ही अन्यथाख्यातीच.

आणि ‘चुकीच्या’ हे विशेषण तरी कोणी लावायचे? याला एक जवळचा दाखला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना 1945 मध्ये होमी भाभांनी केली. ते स्वतः वैश्विक किरणांचे अभ्यासक होते. हे किरण वातावरणात शिरल्यावर कणांचा जो वर्षाव होतो, त्याचा सिद्धान्त त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह 1937 मध्ये मांडला. त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणे नेली, ती न्यूट्रिनो शोधण्यासाठी, कारण त्या शोधात हेच वैश्विक किरण अडथळा ठरत होते आणि दोन किलोमीटरहून अधिक खडकाखालीच त्यांच्यापासून सुटका होती. 1965 मध्ये त्या खाणीत वातावरणातील न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. त्याच संस्थेने हैदराबादहून बलूनवर एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण पाठवली. म्हणजे एकाच छताखाली एका दालनात जो कण अभ्यासाचा विषय होता, तोच दुसऱ्या दालनात केरकचरा होता. भ्रम वस्तूत नसून वस्तू आणि प्रयोजन यांच्या संबंधात असतो, याचा इतका नेमका दाखला शास्त्रग्रंथांतही सहसा मिळत नाही.

या घटना ओळखण्याची रीत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण प्रामाण्याच्या वादाशी तिचा थेट संबंध आहे. अवरक्त फलक साध्या कॅमेऱ्याप्रमाणे शेवटी एकदाच वाचले जात नाहीत. साठलेला भार न पुसता तो वारंवार मोजता येतो. निअरकॅमचा पूर्ण फलक वाचायला सुमारे 10.7 सेकंद लागतात, आणि एका निरीक्षणात अशी अनेक वाचने होतात. तारा स्थिर असेल तर भार सरळ चढत जातो. मधेच एका वाचनापासून दुसऱ्यापर्यंत तो एकदम उसळला आणि पुन्हा पूर्वीच्याच चढाने जाऊ लागला, तर ती उसळी ताऱ्याची नव्हे असे ठरते. वैश्विक किरणाच्या या घटनेला पहिल्या क्षणी कोणीही खोटे म्हणू शकत नाही; पुढच्या वाचनांनी तिला बाध आणल्यावरच ती खोटी ठरते. कुमारिल भट्टाचे म्हणणे असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि अप्रामाण्य बाहेरून, म्हणजे कारणातील दोष कळल्याने किंवा नंतरच्या ज्ञानाने बाध झाल्याने, येते. नैयायिक याच्या उलट, प्रामाण्यही बाहेरूनच, यशस्वी प्रवृत्तीवरून ठरते असे मानतात. गंमत अशी की दुर्बिणीची आज्ञावली पिक्सेलच्या पातळीवर मीमांसक असते, प्रत्येक वाचन खरे धरून चालते आणि बाध आला तरच खूण करते. पण त्याच माहितीवरून कोणी नवा तारा किंवा अतिनवतारा सापडल्याचा दावा केला की खगोलशास्त्रज्ञ तत्काळ नैयायिक होतात आणि दुसऱ्या दुर्बिणीचा पुरावा मागतात. दोन दर्शने शेकडो वर्षे एकमेकांना खोडून काढत राहिली, आणि येथे ती एकाच कामाच्या दोन पायऱ्यांवर नांदतात. कदाचित दोघांचेही म्हणणे बरोबर होते, फक्त पातळी सांगायची राहिली होती.

आता मूळ प्रश्न. साधकाने आधी चित्त निर्मळ करावे, वासनांचा क्षय करावा, मगच त्याला सत्य दिसेल, असा क्रम परंपरेत सर्वमान्य आहे. फलकाच्या बाबतीत हा मार्ग काही अंशी वापरला गेला: स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या संवेदकांवरील रेंगाळलेल्या प्रतिमा घालवण्यासाठी त्यांना अधूनमधून थोडे गरम केले जात असे, म्हणजे अडकलेला भार सुटून जाई. पण सापळे त्याने नाहीसे होत नाहीत. पुढचा प्रखर तारा पुन्हा ठसा उमटवतोच. दोषरहित स्फटिक आजवर कोणाला बनवता आलेला नाही. तरीही या सदोष फलकांनी मिळवलेले ज्ञान आश्चर्यकारकरीत्या अचूक आहे, आणि ते साधन शुद्ध झाल्यामुळे नव्हे तर साधनाचे दोष पक्के माहीत असल्यामुळे अचूक आहे. वासनाक्षय ही ज्ञानाची पूर्वअट नसून आपल्या वासनांची वही नीट ठेवणे ही खरी अट आहे, असा निष्कर्ष यातून काढावा लागतो. आणि समर्थांच्या दहाव्या दशकातील विसंगती त्याने सुटते. भ्रम सर्वत्र आहे म्हणून प्रचीत अशक्य, असे नसून भ्रम सर्वत्र आहे म्हणूनच प्रचीत आवश्यक, असा त्या दोन समासांचा परस्परसंबंध दिसतो. गावचे कुलकर्णीपद सांभाळणाऱ्या, रोज हिशेब तपासण्याची सवय असलेल्या ठोसर घराण्यातल्या ग्रंथकाराला हे सुचावे, यात नवल नाही.

मात्र हे साम्य पद्धतीपुरतेच आहे. समर्थांच्या दृष्टीने ब्रह्मावेगळे जे काही दिसते ते सर्वच भ्रमात मोडते. खगोलशास्त्रज्ञाची सारी निवड दृश्याच्या आतच चालते, एक दृश्य दुसऱ्या दृश्यापासून वेगळे काढले जाते आणि तेथेच ती थांबते. दुर्बिणीमुळे वेदान्त सिद्ध झाला असे सांगणाऱ्यांनी वेदान्ताचेही नुकसान केले आहे आणि दुर्बिणीचेही. शिवाय फलकाला मुक्तीची इच्छा नसते, आणि ज्याला मुक्त व्हायचे आहे त्याला केवळ दोषांची वही पुरेल की नाही, हा प्रश्न वरच्या निष्कर्षाने सुटत नाही. दासबोधाची नित्य पारायणे करणाऱ्या जांब आणि परिसरातील वाचकांना एवढीच विनंती की दहाव्या दशकातील सहावा आणि आठवा समास दोन निरनिराळ्या दिवशी न वाचता एकाच बैठकीत वाचावेत, आणि मधल्या सगुणभजनाच्या सातव्या समासाला वगळू नये.